क्योतोतला कोरडा दिवस

आज सकाळी लॅबच्या मागे सायकलला कुलूप लावताना घोट्याला डास चावला. या वर्षीचा पहिला! हात आपोआप वर गेला होता, पण मी तो हवेतच थांबवला आणि वाकून बघितलं. काळं कुळकुळीत अंग, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर मधोमध ओढलेली एक पांढरी रेघ, आणि मागचे दोन पाय असे ऐटीत वर उचललेले, जणू चिखलातून जाताना कुणी साडी सावरतंय. "या बाई, या. उशीर केलात," असं मी चक्क मोठ्याने म्हटलं. कचऱ्याच्या पिशव्या ठेवायला आलेल्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या घोट्याकडे पाहिलं, मान लववून ओहायो, म्हणजे सुप्रभात, म्हटलं आणि जरा लांबूनच गेले.

मी लगेच घोट्यावर उठलेल्या लाल गांधीचा फोटो काढला आणि पुण्याला आईला पाठवला. तिचं उत्तर आलंय, पण ते आत्ता सांगत नाही, कारण गेल्या वर्षीचा उन्हाळा सांगितल्याशिवाय त्या उत्तरात काय आहे ते कळणारच नाही. पटापट टाइप करतेय हं, मध्येच इकडून तिकडे उडी मारली तर सांभाळून घ्या.

इथल्या पावसाळ्याला त्सुयु म्हणतात. आपल्यासारखा धो धो नाही. दिवसभर कुणीतरी वरून ओला टॉवेल पिळतंय असं वाटतं. बसच्या काचांवर वाफ धरते, कपडे वाळतच नाहीत, खोलीत ठेवलेल्या ओलावा शोषणाऱ्या मशीनची टाकी रोज भरते आणि ती रिकामी करताना मला दर वेळी वाटतं, अरे, एवढं पाणी मी श्वासातून आत घेत होते? आणि मग एके दिवशी त्सुयु संपतो. खरोखर एका दिवसात! सकाळी उठावं तर आकाश निळं, उन्हाचा चटका, आणि झाडाझाडांवर सेमी नावाचे किडे कर्कश ओरडायला लागलेले. त्याच सुमारास संध्याकाळी गल्लीतल्या घराघरांतून डासांच्या हिरव्या उदबत्तीचा वास यायला लागतो. अगदी तोच वास, आमच्या हडपसरच्या घरातला! पत्र्याच्या स्टँडवर लावलेली ती गोल गोल उदबत्ती, सकाळी फरशीवर पडलेली तिची राख. डोळे मिटले तर मी सातवीत असते.

पण आम्हाला ती लावायची परवानगी नाही. डासांच्या खोलीत जाणाऱ्या कुणीही घरी उदबत्ती लावायची नाही, क्रीम फासायचं नाही, कारण ते कपड्यांना, अंगाला चिकटून आत जातं आणि पाळलेले डास मरतात. म्हणजे क्योतोत सगळ्यात जास्त डास कुणाला चावत असतील तर डासांवर पीएचडी करणाऱ्यांना! आमच्या लॅबच्या कपाटावर उदबत्ती ठेवायचं मातीचं डुक्कर आहे, इथे घरोघरी असतं तसं, तोंडाचा मोठा आ वासलेलं. त्याच्या पोटात आम्ही पेनं ठेवतो.

आमच्या सोसायटीतल्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या आईला म्हणाल्या होत्या, "अहो, सायलीला एवढं लांब पाठवायची काय गरज होती? आमच्या पार्किंगमध्ये फुकट आहेत." आई हसली नव्हती.

आता मी नक्की काय करते ते सांगते, म्हणजे मला तेच सांगायला सगळ्यात आवडतं! आपल्याला वाटतं डास म्हणजे एक डास. खरं तर ती एक सोसायटी असते. तिच्या आत भाडेकरू राहतात, लाखांनी, सगळे सूक्ष्मजीव. काही पोटात, काही थेट पेशींच्या आत. आणि डेंग्यूचा विषाणू म्हणजे बाहेरून आलेला नवा माणूस, जागा शोधत फिरणारा. डास आजारी माणसाचं रक्त प्यायला की हा पोटात उतरतो. तिथून त्याला भिंत ओलांडून आत शिरायचं असतं, वाढायचं असतं, आणि शेवटी लाळेत पोचायचं असतं. तिथे पोचला तरच पुढच्या माणसाला डेंग्यू. वाटेत कुणी अडवलं तर तो डास चावून चावून काय करणार, खाज तेवढी देणार.

आणि अडवतात ना! पेशींच्या आत राहणारा एक जीवाणू आहे, वोल्बाकिया नावाचा. तो आईकडून अंड्यात जातो, फक्त आईकडून, बाबा डासाचा त्यात काही संबंध नाही. आमच्या या पट्टेरी डासात तो मुळातच असतो. पण डेंग्यू पसरवणाऱ्या दुसऱ्या, मोठ्या बदमाश डासात नसतो. तो त्यात मुद्दाम घातला तर विषाणूला तिथे धड वाढता येत नाही. जुन्या भाडेकरूने पार्किंग अडवून ठेवलंय, किचनमधलं सामान संपवलंय, वर वॉचमनलाही जागं ठेवलंय, असं काहीतरी. पोटातल्या जीवाणूंचं अजून वेगळंच. काही पोटातली हवाच अशी करून टाकतात की विषाणू टिकत नाही. पण काही गद्दार! ते पोटाच्या आतलं अस्तर कुरतडतात आणि विषाणूला मागचं गेट उघडून देतात. त्यामुळे सगळे सूक्ष्मजीव चांगले असं म्हणून चालत नाही, प्रत्येकाची वेगळी चौकशी करावी लागते. आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखी.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. जेमतेम दोन मिलिग्रॅमच्या डासाच्या पोटात, जिथे मावणारं सगळं रक्त म्हणजे एक टिपूस, तिथे हे राजकारण चाललंय. आणि त्यावर अख्ख्या शहराचं ताप येणं न येणं ठरतं!

तर आमचे डास येतात कुठून? थडग्यांमधून. खरंच. माझ्या खोलीपासून दोन वळणांवर एक जुनं बौद्ध देऊळ आहे, त्याच्या मागच्या उतारावर दगडी थडगी आहेत. खाली अस्थी, वर चौकोनी खांब, आणि समोर दोन बाजूंना फुलं ठेवायची स्टीलची नळकांडी. त्यात कायम पाणी. डासीणबाईंना यापेक्षा सुंदर बाळंतपणाची खोली मिळणार नाही. देवळातल्या भिक्षूंच्या पत्नी (इथले भिक्षू लग्न करतात), त्यांना सगळे ओकुसान म्हणतात, थडग्यांची निगा त्याच ठेवतात. त्यांनी आम्हाला अळ्या काढायची परवानगी दिली होती, कारण आम्ही अळ्या नेल्या की त्यांच्याकडे डास कमी. मी दर आठवड्याला जायचे, रबरी फुगा असलेल्या मोठ्या ड्रॉपरने पाणी ओढायचे, पांढऱ्या ट्रेमध्ये सोडायचे, आणि त्या स्वल्पविरामासारख्या वळवळणाऱ्या अळ्या बघत बसायचे. शेजारी कुणाचे तरी पणजोबा.

आणि तिथेच आम्हाला आमचा तो जीवाणू सापडला होता! अळ्यांच्या पोटातून काढून बशीत वाढवला की फिकट केशरी ठिपके उमटायचे. ओसाकाला आमचे सोबती आहेत, विषाणूचं काम ते करतात, कडेकोट बंद खोलीत. त्यांनी कळवलं होतं की ज्या डासांच्या पोटात हा केशरी असतो, त्यांच्यात विषाणू कमी वाढताना दिसतोय. पुन्हा पुन्हा बघायला हवं, पण दिसतोय. आमच्या मोरिता-सेन्सेंनी, म्हणजे माझ्या गाइडनी, ती मेल वाचून चष्मा काढला, पुसला आणि परत तीच मेल वाचली.

नमुना आमच्या फ्रीझरमध्ये होताच. पण माझा प्रश्न वेगळा होता. हा जीवाणू त्या नळकांड्यांमध्ये स्वतःहून टिकतो का? पाणी बदललं, फुलं बदलली, तरी पुढच्या पिढीच्या अळ्यांच्या पोटात परत येतो का? टिकत नसेल तर बाहेरच्या जगात त्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी तीच नळकांडी अख्खा उन्हाळा बघत राहायची, असं माझं काम होतं. माझ्या पीएचडीची मुदत पुढच्या वसंतात संपत होती. तो उन्हाळा हातचा गेला असता तर दुसरा मिळेल याची काही खात्री नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच आई आली.

एअरपोर्टवर तिची बॅग उघडली तर वर लोणचं, भाजणी, आणि मधोमध डास मारायची इलेक्ट्रिकची बॅट!

"आई, अगं मी डास वाढवते."

"लॅबमध्ये वाढव. घरात मी असताना एक दिसता कामा नये."

हे बोलणं हसण्यावारी नेता येत नाही, कारण मधे संजूमामा आहे. आईचा धाकटा भाऊ. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा तो डेंग्यूने गेला. सोमवारी ताप आला म्हणून हसत होता, "ताई, माझ्या वाटची भाकरी ठेव" असं फोनवर म्हणाला होता, आणि पुढचा सोमवार त्याने बघितला नाही. नंतर महापालिकेच्या बाई घर तपासायला आल्या. त्याच्या बाल्कनीत काचेच्या बाटलीत मनीप्लांट होता. बाईंनी बाटली उजेडात धरली, आत अळ्या वळवळत होत्या. ती फांदी आईनेच त्याला दिली होती.

तेव्हापासून आईचा शुक्रवार कोरडा. तुम्हाला माहितीच असेल, दारावर येऊन सांगतात तो कोरडा दिवस, घरातली सगळी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करायची. लोक ऐकतात आणि विसरतात. आई विसरली नाही. पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या बशा, फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवर पडलेल्या नारळाच्या करवंट्या, शेजाऱ्यांच्या कूलरची टाकीसुद्धा. सोसायटीत तिला बघून लोक आपापल्या कुंड्या लपवतात. मी डासांवर काम करायचं ठरवलं तेव्हा तिने मला अडवलं नाही. फक्त कशासाठी, असंही कधी विचारलं नाही.

क्योतोत मात्र ती मजेत रुळली. कचरा वेगळा करायचं वेळापत्रक तिने माझ्या आधी पाठ केलं. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळं, कागद वेगळा, बाटली वेगळी, आणि मला वर ऐकवायची, "चार वर्षं राहतेस आणि झाकण तसंच टाकतेस?" सकाळी स्पोर्ट्स शूज घालून फिरायला जायची, साडीवर. ओकुसानशी तिची दोस्ती झाली होती. भाषा शून्य. दोघी एकमेकींना झाडं दाखवायच्या आणि माना डोलवायच्या.

एकदा मी तिला बरोबर घेऊन गेले थडग्यांपाशी. म्हटलं, बघू दे तरी मी काय करते. मी ड्रॉपरने पाणी ओढून ट्रेमध्ये सोडलं आणि उत्साहाने सांगायला लागले, ही बघ मोठी अळी, हा बघ कोष, आता दोन दिवसांत याचा डास... मान वर केली तर आई ट्रेकडे बघतच नव्हती. ती त्या उतारावर बघत होती. ओळीने थडगी, प्रत्येकापुढे दोन नळकांडी, प्रत्येकात पाणी.

"एवढी सगळी?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो ना!" आणि पुढे बडबडत राहिले.

पुढच्या शुक्रवारी लॅबची मीटिंग लांबली. दुपारी मी देवळावरून येत होते तर ओकुसान झाडू घेऊन दारात उभ्या. मला बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आई किती कामसू आहेत हो! एवढ्या उन्हात. आम्हाला तर जमलंच नसतं."

क्योतोत चार वर्षं काढली की एक गोष्ट कळते. इथे तुमचं असं गोड कौतुक झालं की समजायचं, काहीतरी फार बिघडलंय. मी देवळाच्या मागे धावले.

सगळी नळकांडी रिकामी. एकूण एक! आईने प्रत्येक उचलून पाणी मातीत ओतलं होतं, उलटं करून झटकलं होतं, परत जागेवर बसवलं होतं, आणि फुलं होती तशी नीट खोचून ठेवली होती. भर उन्हात, कोरड्या नळकांड्यांत. संपूर्ण उतारावर फुलांनी माना टाकल्या होत्या. सेमी ओरडत होते. कुणाकुणाचे आजोबा, पणजोबा, सगळ्यांपुढे सुकलेली फुलं. आणि माझा अख्खा उन्हाळा मातीत जिरलेला.

घरी आले तर आई पोळ्या करत होती.

"आई, तू देवळात काय केलंस?"

"शुक्रवार आहे आज," ती म्हणाली. पोळी उलटली. "तुझ्या ट्रेपुरत्या अळ्या तुला लॅबमध्ये मिळतील. पण तिथे लहान मुलं येतात गं, देवळात. मी डोळ्यांनी बघून तसंच ठेवून येऊ?"

मी भांडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिच्या हातातली पोळी करपत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

मोरिता-सेन्सेंना मी सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "सगळी? एकाच दिवशी?" त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, ते त्यांनी लगेच दाबलं. "आधी माफी. बाकीचं नंतर."

इथे माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत, चांगल्या कागदात बांधलेला मिठाईचा खोका न्यायचा असतो. सेन्से तो घेऊन सूट घालून आले, त्या उकाड्यात! आई इस्त्रीची साडी नेसली. ओकुसाननी सातूचा गार चहा दिला. आम्ही दोघं वाकून वाकून माफी मागत होतो आणि आई मधेच मराठीत बोलायला लागली. संजूचं. बाटलीचं. "फांदी मी दिली होती," हे ती जन्मात पहिल्यांदा कुणापुढे तरी बोलली, आणि ते मला जपानीत सांगावं लागलं. मला 'फांदी' हा शब्दच आठवेना. मी हाताने दाखवलं, एवढीशी, हिरवी. ओकुसाननी ग्लास खाली ठेवला.

मग त्या म्हणाल्या, "थोड्या दिवसांत ओबोन आहे. सगळ्यांच्या घरचे येतील, धुतील, पाणी भरतील. पण त्या कोपऱ्यातल्यांचं कुणी उरलेलं नाही. त्यांना दर वर्षी मी पाणी घालते. या वर्षी तुम्ही घालाल का?"

ओबोन म्हणजे आपला पितृपंधरवडाच समजा, उन्हाळ्यातला. गेलेले लोक घरी येतात. वरच्या कोपऱ्यात शेवाळलेले छोटे दगड होते, दाटीवाटीने उभे, ज्यांचे वंशच संपलेत असे.

तिथून निघताना सेन्सेंनी ओकुसानची परवानगी घेऊन त्या कोपऱ्यातलं एक नळकांडं उचललं आणि खिशातून भिंग काढून आईच्या हातात दिलं. आत, कोरड्या भिंतीला, पाण्याची जी रेघ होती तिच्या जरा वर, काळे काळे दाणे चिकटलेले. खसखशीहून बारीक.

"अंडी," मी म्हटलं. "ही डासीण पाण्यात अंडी घालत नाही आई. पाण्याच्या वर, भिंतीला चिकटवते. पाणी ओतलं तरी ती तशीच राहतात. महिनोन्महिने. पाणी परत त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात."

आई भिंगातून बघतच राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी नुसतं पाणीच ओतत होते?"

"अळ्या तर गेल्या ना. उपयोग झालाच. पण घासायला लागतं."

सेन्से आता मात्र स्वतःला आवरू शकले नाहीत. म्हणाले, "सायली-सान, लोकांच्या थडग्यांवरचं पाणी मुद्दाम ओतायला आपण कधी धजलो असतो का? आता पाणी नाही, जुनी फुलंही सुकून गेलीत. राहिलीत फक्त अंडी आणि भिंती. आता जर केशरी परत आला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला आत्ता टाइप करतानाही अंगावर काटा येतोय!

ओबोनची सकाळ. उतारावर माणसंच माणसं, पंखे, टोप्या, लहान मुलं, ब्रशने दगड घासण्याचा आवाज, उदबत्तीचा वास, आणि त्यात इथे या दिवसांत वाहतात त्या उंच सुईसारख्या पानांच्या हिरव्या फांद्यांचा वास, थोडा लिंबासारखा. प्रत्येक घरचे आपापली नळकांडी भरत होते. कुणी आतून खसाखसा घासून, कुणी नुसतंच विसळून. आणि वरच्या कोपऱ्यात आई, लाकडी बादली, लांब दांड्याचा पळा.

पळा भरून घेतला आणि ती तशीच उभी राहिली.

"सायले, मुद्दाम पाणी साठवायचं?"

"हो."

"आणि अळ्या झाल्या तर?"

"होऊच देतोय आई. मी रोज येणार. उडायच्या आत एकूण एक काढणार."

"एकूण एक?"

"शप्पथ."

तिने आधी थोडं पाणी ओंजळीत घेतलं, दगडावर सोडलं. मग पळा कलता केला. नळकांड्यात पाणी पडल्याचा आवाज बारीक होत होत वर आला. ती अर्ध्यावर थांबली.

"वरपर्यंत," मी म्हटलं. "अंडी बुडायला हवीत."

ओठ हलत होते तिचे. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही. तिने काठोकाठ भरलं. मग पुढचं. त्या कोपऱ्यातलं प्रत्येक तिने भरलं, आणि दर वेळी अर्ध्यावर आली की क्षणभर थांबायची आणि मग पुढे ओतायची.

नंतरचे दिवस मी कसे काढले विचारू नका. रोज सकाळी पांढरा ट्रे. घरच्यांनी घासलेल्या नळकांड्यांत जवळजवळ काहीच नाही. नुसत्या विसळलेल्यांत तुरळक अळ्या. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे कुणीच घासलं नव्हतं, तिथे वळवळ सुरू! मी शब्द दिला होता तशा एकूण एक काढल्या. लॅबमध्ये त्यांची पोटं बशीत पसरली, बशा उबवायला ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या उबदार कपाटाचं दार उघडायला मी गेलेच नाही. सेन्सेंनी उघडलं. त्यांनी एक बशी उजेडात धरली. महापालिकेच्या बाईंनी बाटली धरली होती तशीच, हे मला नंतर सुचलं.

फिकट केशरी ठिपके. आला होता तो. कोरड्या भिंतीवर, त्या अंड्यांच्या टरफलांशी कुठेतरी चिकटून राहिला होता, पाण्याची वाट बघत. सगळ्याच नळकांड्यांत नाही, एका मोठ्या दगडापुढच्या जोडीत अजिबात नाही. का, ते अजून कळलेलं नाही आणि मी या उन्हाळ्यात त्याच्याच मागे आहे. हो, मुदतवाढ मिळाली ना मला! त्या बशांमुळेच.

आई परत जायच्या आदल्या दिवशी मी तिला लॅबमध्ये नेलं. तिने बशी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून जवळ धरली.

"हा एवढासा ठिपका?"

"त्या एका ठिपक्यात लाखो आहेत."

"आणि हे अडवतात त्याला?"

"डासाच्या पोटात. थोडंफार. असं वाटतंय. अजून खूप बघायचंय आई, कदाचित बाहेर जमणारही नाही."

तिने बशी जरा वळवून बघितली. मग म्हणाली, "संजूच्या वेळी कुठे होते हे?"

सेन्सेंनी विचारलं काय म्हणाल्या, मी सांगितलं. त्यांनी आईकडे बघून मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "आम्हाला उशीर झाला."

मी तसंच सांगितलं. आईने बशी दोन्ही हातांनी परत दिली, इथे देतात तशी.

मला या जीवांचं इतकं का कौतुक वाटतं, हे मी स्वतःलाच विचारते कधीकधी. डोळे नाहीत, मेंदू नाही, त्यांना संजूमामा माहीत नाही. ते कुणाला वाचवायला बसलेले नाहीत. त्यांना फक्त आपली जागा सोडायची नसते. वाळून जातील, पण भिंतीला धरून राहतील, आणि त्यांच्या त्या हट्टापायी एखाद्या घरातला माणूस उद्या तापाने पडणार नाही, असं होऊ शकतं. मी देवळाशेजारून जाताना अजून मान लववते. दगडांना म्हणून लोकांना वाटतं.

आई पुण्यात आता शुक्रवारी तारेची घासणी घेऊन फिरते. पिंपाच्या आत डोकं घालून घासते आणि काकूंना ओरडून सांगते, "नुसतं ओतू नका, भिंती घासा, भिंती!" मनीप्लांट अजून ठेवत नाही. त्याबद्दल मी बोलतही नाही.

तर आजचं उत्तर. फोटो गेल्या गेल्या आलं, "खाजवू नकोस." मग थोड्या वेळाने, "आपले आले का?" आपले म्हणजे केशरी! मी लिहिलं, अजून वेळ आहे, ओबोननंतर कळेल. मग बराच वेळ टाइप करतेय असं दिसत राहिलं, आणि शेवटी तिने फोनच केला. मागे नळाचा आवाज येत होता.

"त्या वरच्या कोपऱ्यातल्यांना या वर्षी पाणी कोण घालणार?"

"मी घालते."

"अर्ध्यावर थांबू नकोस हं. काठोकाठ भर." नळ बंद झाला. "आणि एकही उडू देऊ नकोस."